अंगणातला पाऊस मोजू या



जुलै महिन्यातील एखाद्या सकाळी रसायनीच्या बाजारात उभे राहा आणि येणाऱ्या-जाणाऱ्यांना विचारा, “काल रात्री किती पाऊस झाला हो?” एक जण म्हणेल, “धो धो!” दुसरा म्हणेल, “रात्रभर कोसळत होता.” तिसरा सांगेल, “फार नाही, पण मोहोपाड्याला म्हणे पुष्कळ झाला.” उत्तरे सगळी खरी आहेत; पण त्यांतून कालचा पाऊस परवाच्या पावसापेक्षा जास्त होता की कमी, हे काही कळत नाही. कारण या उत्तरांत आकडा नाही.

ही अडचण फार जुनी आहे. कौटिल्याच्या ‘अर्थशास्त्र’ या ग्रंथात पाऊस मोजण्याची रीत सांगितली आहे. धान्याच्या कोठारापाशी ठरावीक रुंदीच्या तोंडाचे एक भांडे ठेवावे आणि त्यात साठलेले पाणी मोजावे, अशी ती रीत. कोणत्या प्रदेशात किती पाऊस पडतो, याचे आकडेही तेथे ‘द्रोण’ या मापात दिले आहेत. कोरड्या जांगल प्रदेशासाठी 16 द्रोण, अवंतीसाठी म्हणजे उज्जैनच्या बाजूसाठी 23 द्रोण. अपरान्त म्हणजे आपले कोकण. त्याच्यापुढे मात्र आकडा नाही. तेथे एकच शब्द आहे : ‘अमित’. म्हणजे मोजता न येण्याइतका!

या पावसाळ्यात आपण हा ‘अमित’ पाऊस मोजायचा आहे. त्यासाठी विकत काही आणावे लागणार नाही.

मिलिमीटर म्हणजे काय?

वर्तमानपत्रात आपण वाचतो, “कर्जत येथे 80 मिलिमीटर पाऊस.” पाणी तर आपण लिटरने मोजतो. मग पावसाला लांबीचे माप कसे?

समजा, सपाट गच्चीवर पडलेले पाणी वाहून गेले नाही, जिरले नाही आणि त्याची वाफही झाली नाही. मग गच्चीवर पाण्याचा जो थर साचेल, त्याची उंची म्हणजे पाऊस. ही उंची गच्ची लहान असो वा मोठी, सारखीच येते. म्हणून तर पावसासाठी उंचीचे माप सोयीचे.

आता एक हिशेब करा. एक चौरस मीटर जागेवर एक मिलिमीटर उंचीचा पाण्याचा थर आहे. त्याचे घनफळ किती? 100 सेंटिमीटर × 100 सेंटिमीटर × 0.1 सेंटिमीटर = 1000 घन सेंटिमीटर, म्हणजे बरोबर एक लिटर. हे लक्षात ठेवा : एक मिलिमीटर पाऊस म्हणजे दर चौरस मीटरवर एक लिटर पाणी. तुमच्या शाळेचे छप्पर 200 चौरस मीटर असेल आणि 80 मिलिमीटर पाऊस झाला, तर त्या छपरावर 16,000 लिटर पाणी पडले.

पर्जन्यमापक तयार करा

साहित्य : सरळ बाजूंच्या, दोन लिटरच्या सारख्या आकाराच्या दोन प्लॅस्टिकच्या बाटल्या, सायकलच्या जुन्या ट्यूबचा हातभर तुकडा, कात्री, दोरा, फूटपट्टी, चार विटा, आणि मिलिलिटरच्या खुणा असलेले एखादे माप. हे माप म्हणून शाळेच्या प्रयोगशाळेतील मोजपात्र उत्तम. ते नसेल तर बाळाची दुधाची बाटली किंवा औषधाबरोबर मिळणारी टोपणवाटीही चालेल.

कृती : (1) एक बाटली अखंड ठेवा. दुसरी आडवी कापा. कापताना निमुळता भाग संपल्यावर सरळ भिंतीचा चार-पाच सेंटिमीटर भाग वरच्या तुकड्याला राहील, असे पाहा. बाजारातल्या नरसाळ्याला अशी उभी भिंत नसते; त्यामुळे टपोरे थेंब आपटून त्यांचे तुषार बाहेर उडतात.

(2) कापलेला वरचा तुकडा उलटा करा. हे झाले नरसाळे. त्याचे तोंड अखंड बाटलीच्या तोंडावर टेकवा आणि जोडावर ट्यूबचा तुकडा घट्ट गुंडाळा. बाटलीचे तोंड अरुंद असल्याने आत साठलेल्या पाण्याचे बाष्पीभवनही फार होत नाही.

(3) ही बाटली चार विटांच्या मध्ये पक्की उभी करा. नरसाळ्याची कड सर्व बाजूंनी समपातळीत हवी. वाऱ्याने डुलणारा मापक काही कामाचा नाही.

(4) आता नरसाळ्याच्या तोंडाचा व्यास काढा. फूटपट्टीने थेट व्यास मोजताना चूक होते. त्याऐवजी कडेभोवती दोरा गुंडाळून परीघ मोजा आणि त्याला 3.14 ने भागा. परीघ 34.5 सेंटिमीटर आला, तर व्यास 11 सेंटिमीटर आणि तोंडाचे क्षेत्रफळ 3.14 × 5.5 × 5.5 म्हणजे 95 चौरस सेंटिमीटर.

पाऊस काढण्याचे सूत्र सोपे आहे. साठलेले पाणी (मिलिलिटरमध्ये) भागिले तोंडाचे क्षेत्रफळ (चौरस सेंटिमीटरमध्ये). उत्तर सेंटिमीटरमध्ये येते. दहाने गुणले की मिलिमीटर. समजा 620 मिलिलिटर पाणी साठले. 620 ÷ 95 = 6.53 सेंटिमीटर, म्हणजे 65.3 मिलिमीटर पाऊस.

येथे क्षेत्रफळ नरसाळ्याच्या तोंडाचे घ्यायचे, खालच्या बाटलीचे नव्हे. खाली बाटली असो, कळशी असो किंवा वेडावाकडा डबा असो, काही बिघडत नाही. पाणी आले ते वरच्या तोंडातून. ही गोष्ट वर्गात पुष्कळांना पटत नाही. ज्यांना पटत नसेल त्यांनी एकाच मापाची दोन नरसाळी निरनिराळ्या भांड्यांवर शेजारी-शेजारी ठेवून पाहावे.

मापक ठेवायचा कोठे?

झाडाखाली नको, पागोळ्यांखाली नको आणि भिंतीलगतही नको. जवळची भिंत किंवा झाड जेवढे उंच असेल, त्याच्या निदान दुप्पट अंतरावर मापक ठेवावा. मग गच्ची बरी नव्हे काय? या प्रश्नाची एक मजेदार हकिगत आहे.

सन 1766-67 मध्ये लंडनमध्ये विल्यम हेबर्डेन नावाच्या वैद्याने एकसारखे तीन पर्जन्यमापक ठेवले. एक बागेत जमिनीजवळ, दुसरा घराच्या छपरावर आणि तिसरा वेस्टमिन्स्टर ॲबे या उंच चर्चच्या माथ्यावर. वर्षभरात बागेत साडेबावीस इंच, छपरावर अठरा इंच आणि चर्चच्या माथ्यावर केवळ बारा इंच पाणी जमले! थेंब खाली येता-येता वाढतात की काय, असे अनेकांना वाटले. खरे कारण पुढे कळले, ते म्हणजे वारा. उंचावर वाऱ्याचा वेग जास्त. वारा मापकावर आपटून वर उसळतो आणि थेंबांना तोंडावरून पलीकडे घेऊन जातो. म्हणून भारतीय हवामान खात्याच्या पर्जन्यमापकाची कड जमिनीपासून 30 सेंटिमीटरच उंच असते. आपला मापक थोडा अधिक उंच होईल. तो विटांमध्ये थोडा जमिनीत रोवला तर फरक कमी होईल. शक्य असेल तर दुसरा मापक करून गच्चीवर ठेवा आणि हेबर्डेनचा प्रयोग आपल्या गावी करून पाहा.

नोंद कशी ठेवावी?

हवामान खाते सकाळी साडेआठ वाजता पाऊस मोजते; आपणही तीच वेळ पाळू. आज सकाळी मोजलेले पाणी कालच्या साडेआठपासून आजच्या साडेआठपर्यंतचे. मोजून झाल्यावर बाटली पूर्ण रिकामी करा, म्हणजे डासही होणार नाहीत. विजा चमकत असतील तर मुळीच बाहेर जाऊ नका. अर्धा तास उशीर झाला तर तशी वेळ लिहा.

वहीत चार रकाने आखा : तारीख, मिलिलिटर, मिलिमीटर आणि मागील तीन दिवसांची बेरीज. या शेवटच्या रकान्याचे काम पुढे सांगतो. पाऊस पडला नाही, त्या दिवशी 0 लिहा. मोजायचे राहून गेले, त्या दिवशी मात्र 0 लिहू नका. ‘मोजले नाही’ असे लिहा. शून्य हे एक मोजमाप आहे. न मोजलेल्या दिवशी अंदाजाने आकडा भरला, तर सगळी वही संशयास्पद होते.

माझी स्वतःची एक फजिती सांगतो. पहिल्या वर्षी मी घरातले 15 सेंटिमीटर व्यासाचे मोठे नरसाळे एक लिटरच्या बाटलीवर बसवले होते. पुणेरी पावसाला ते पुरले असते! एका सकाळी पाहतो तो बाटली काठोकाठ भरून पाणी बाहेर वाहिलेले. हिशेब केला. तोंडाचे क्षेत्रफळ जवळजवळ 177 चौरस सेंटिमीटर. म्हणजे 57 मिलिमीटरलाच बाटली भरते. त्या दिवशीचा आकडा काय लिहायचा? ‘57 पेक्षा जास्त’. म्हणजे कौटिल्याचा ‘अमित’च झाला! आपल्या दोन लिटरच्या बाटलीत सुमारे 210 मिलिमीटर मावतात. तरीही झड लागली असेल, तेव्हा रात्री झोपण्यापूर्वी एकदा पाणी मोजून ओता, आकडा लिहा आणि सकाळच्या आकड्यात मिळवा.

या आकड्यांना नावेही आहेत. दिवसाला 2.5 मिलिमीटर किंवा अधिक पाऊस झाला, तर तो ‘पावसाचा दिवस’ धरतात. 64.5 पासून 115.5 पर्यंत मुसळधार, 115.6 पासून 204.4 पर्यंत अति मुसळधार आणि त्यापुढे अत्यंत मुसळधार, असे हवामान खात्याचे वर्गीकरण आहे. महाराष्ट्रात एखाद्या महसूल मंडळात 24 तासांत 65 मिलिमीटरांहून अधिक पाऊस झाला, की त्याला अतिवृष्टी म्हणतात. शेतकऱ्याच्या नुकसानभरपाईचा विचार या आकड्याशी निगडित असतो. वरच्या उदाहरणातील 65.3 पुन्हा पाहा. व्यास मोजताना फक्त एक मिलिमीटरची चूक झाली, तर उत्तरात दोन टक्क्यांच्या आसपास फरक पडतो आणि तेवढ्याने दिवस या रेषेच्या अलीकडे किंवा पलीकडे जाऊ शकतो. म्हणून दोरा नीट गुंडाळा.

आकड्यांचे काय करायचे?

पहिला उद्योग नक्षत्रांचा. आपले शेतकरी पाऊस मृग, आर्द्रा, पुनर्वसू, पुष्य अशा नक्षत्रांनी ओळखतात. पुनर्वसूचा तो ‘तरणा’ पाऊस आणि पुष्याचा ‘म्हातारा’. सूर्य एका नक्षत्रात साधारण साडेतेरा दिवस असतो. पंचांगातून तारखा उतरून घ्या आणि नक्षत्रवार बेरीज करा. तरणा पाऊस खरोखर म्हाताऱ्यापेक्षा जोरात पडतो का? पंचांगात प्रत्येक नक्षत्राला एक वाहनही दिलेले असते. बेडूक, म्हैस किंवा हत्ती असेल तर भरपूर पाऊस, असे म्हणतात. पण ही वाहने गणिताने ठरवतात, ढग पाहून नव्हे. वाद घालण्यापेक्षा तीन-चार वर्षांच्या नोंदी शेजारी मांडा. वहीच उत्तर देईल.

दुसरा उद्योग गावांचा. रसायनी, चौक, खालापूर, खोपोली, कर्जत येथील शाळांनी एकाच वेळी मोजणी केली तर? समुद्रावरून आलेली दमट हवा सह्याद्रीला अडून वर चढते. वर दाब कमी असल्याने ती प्रसरण पावते आणि थंड होते. कोरडी असेपर्यंत ती दर शंभर मीटरला सुमारे एक अंश सेल्सिअस निवते. निवलेल्या हवेत बाष्प मावत नाही. त्याचे ढग आणि पाऊस होतो. म्हणून किनाऱ्यावरील अलिबागला वर्षाला दोन हजार मिलिमीटरांहून अधिक, तर डोंगरावरील माथेरानला सुमारे पाच हजार मिलिमीटर पाऊस पडतो. घाट ओलांडून पुण्याला गेले की तो जेमतेम सातशेवर येतो. तुमच्या शाळांच्या आकड्यांतही ही चढण दिसते का, ते पाहा. मात्र एखाद्या दिवशी हा क्रम पार उलटाही होतो. 26 जुलै 2005 च्या प्रलयंकारी पावसात मुंबईच्या सांताक्रूझ केंद्रावर 24 तासांत 944 मिलिमीटर नोंदले गेले आणि त्याच शहरातील कुलाब्याला फक्त 73! एका ठिकाणच्या मापकावरून दुसऱ्या ठिकाणचा पाऊस सांगता येत नाही, याचे याहून मोठे उदाहरण क्वचितच मिळेल.

तिसरा उद्योग ऊर्जेचा. पाताळगंगा उन्हाळ्यातही वाहती असते, ती कशी? लोणावळ्याच्या बाजूला वळवण, शिरवता इत्यादी तलावांत साठलेले पावसाचे पाणी सुमारे 500 मीटर खाली खोपोलीच्या वीजघरात आणतात. 1915 पासून तेथे वीज तयार होऊ लागली आणि मुंबईच्या गिरण्या तिच्यावर चालल्या. जनित्र फिरवून झाल्यावर तेच पाणी पाताळगंगेत येते आणि पुढे रसायनीच्या कारखान्यांना उपयोगी पडते. एक घनमीटर पाणी 500 मीटर खाली आले तर ऊर्जा किती? 1000 × 9.8 × 500 = 49 लाख जूल. एक युनिट वीज म्हणजे 36 लाख जूल. तेव्हा, वाटेतील घट सोडली तर, एका घनमीटरमागे 1.36 युनिट. तलावाच्या एक चौरस किलोमीटर पृष्ठभागावर पडलेला अवघा एक मिलिमीटर पाऊस म्हणजे 1000 घनमीटर पाणी, अर्थात 1360 युनिट वीज!

तीन दिवसांची बेरीज

आता त्या शेवटच्या रकान्याकडे वळू. त्याआधी एक छोटा प्रयोग करा. बांधकामाची बारीक वाळू घ्या.

कोरडी वाळू ताटलीत हळूहळू ओता. तिचा ढीग ठरावीक उताराचाच होतो. कोनमापकाने मोजा, तो बहुधा 30 ते 35 अंशांच्या दरम्यान येईल. आता वाळू थोडी ओली करून पेल्यात दाबून भरा आणि पेला उपडा करून काढा. वाळूची भिंत चक्क उभी राहते! कणांच्या मधल्या पाण्याच्या पातळ थरांचा पृष्ठताण कणांना एकमेकांकडे ओढून धरतो. आता या मुद्देच्या माथ्यावर चमच्याने मोजून-मोजून पाणी घाला. पहिले काही चमचे काहीच होत नाही. मग एका चमच्याला सगळी भिंत ढासळते. कणांमधली सर्व पोकळी पाण्याने भरली, की पृष्ठताणाची ओढ नाहीशी होते आणि उलट पाण्याचा दाब कणांना दूर लोटू लागतो. कण एकमेकांवर कमी दाबले जातात, म्हणून घर्षणही कमी होते.

शेवटच्या चमच्याने भिंत पाडली, असे म्हणता येईल का? त्याच्याआधीचे चमचे आत साठलेले नसते, तर त्याने काहीच झाले नसते. डोंगरउताराच्या मातीचेही असेच आहे. आजचा पाऊस किती, याबरोबरच आधीचे किती पाणी मातीत मुरलेले आहे, हे पाहावे लागते. म्हणून तीन दिवसांची बेरीज.

आपल्या खालापूर तालुक्यात, चौकजवळच्या इर्शाळगडाच्या उतारावर इर्शाळवाडी ही ठाकरांची वस्ती होती. 19 जुलै 2023 च्या रात्री वरून आलेल्या माती-दगडांच्या लोंढ्याखाली ती गाडली गेली. 27 जणांचे मृतदेह मिळाले आणि 57 जण बेपत्ताच राहिले. त्यांत तुमच्या वयाची मुलेही होती. त्याआधीच्या तीन दिवसांत या भागात सुमारे 500 मिलिमीटर पाऊस झाला होता. आपल्या हिशेबाने हे दर चौरस मीटरवर 500 लिटर, म्हणजे अर्धा टन पाणी. त्यातले पुष्कळ वाहून जाते, पण मुरते तेही थोडे नसते. ही वाडी दरडीचा धोका असलेल्या गावांच्या यादीत नव्हती. रायगड जिल्ह्यातच 2005 मध्ये महाड तालुक्यातील जुई आणि 2021 मध्ये तळीये येथे असेच घडले होते.

बाटलीचा पर्जन्यमापक दरड कोसळणार की नाही, हे सांगू शकत नाही. उताराचा कोन, मातीची जाडी, खालचा खडक, अशा अनेक गोष्टींवर ते अवलंबून असते. पण डोंगराच्या पायथ्याशी राहणाऱ्या विद्यार्थ्याच्या वहीत तीन दिवसांची बेरीज भराभर वाढत असेल, तर घरच्या मोठ्यांना आणि शिक्षकांना तो आकडा दाखवण्याइतके कारण नक्कीच आहे. त्याच वेळी उतारावर नवी भेग पडलेली दिसली, झाडे किंवा विजेचे खांब कलले, नेहमीच्या झऱ्याचे पाणी एकाएकी गढूळ झाले किंवा नवा झरा फुटला, तर उजाडण्याची वाट न पाहता सर्वांनी उतारापासून दूर जावे आणि तलाठी, पोलीस पाटील किंवा तहसील कार्यालयाला कळवावे.

शिक्षकांना एक विनंती. शाळेच्या फळ्याच्या एका कोपऱ्यात रोज दोन आकडे लिहावेत : आजचा पाऊस आणि तीन दिवसांची बेरीज. आठवड्याला दोन विद्यार्थी मोजणीसाठी नेमावेत आणि सुटीच्या दिवसांची पाळी आधीच ठरवावी. वही वर्ष संपले की टाकू नये. पुढच्या वर्गाच्या हाती द्यावी. दहा वर्षांच्या नोंदी असलेली वही गावात दुसऱ्या कोणाकडेही नसेल.

सोडवून पाहा

1. नरसाळ्याचा व्यास 14 सेंटिमीटर आहे आणि बाटली दोन लिटरची. किती मिलिमीटर पावसाला ती भरून वाहू लागेल?

2. पाच जणांच्या घराला रोज 500 लिटर पाणी लागते. 60 चौरस मीटर छपरावर पडलेला 100 मिलिमीटर पाऊस पूर्ण साठवला, तर किती दिवस पुरेल?

3. नरसाळ्याची कड एका बाजूला कलली, तर मोजलेला पाऊस कमी येईल की जास्त? पाऊस सरळ पडत असताना आणि वाऱ्याने तिरका पडत असताना उत्तर एकच राहील का? आधी विचार करा, मग दोन मापक शेजारी ठेवून तपासा.